पोटुशी असताना लिव्हरवर गाठ: इंजेक्शनची सोनोग्राफी करावी की थांबावं?

पत्र: आमचं गाव आर्णी तालुक्यात आहे. माझ्या धाकट्या जावेला बाविसावा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळ चांगलं निघालं, पण तिच्या लिव्हरच्या उजव्या भागात ४ सेंटीमीटरची पांढरी गाठ दिसली. रिपोर्टवर ‘हेमॅन्जिओमा असावा, कॉन्ट्रास्ट तपासणीने खात्री करावी’ असं लिहिलं आहे. तिला दुखणं नाही, ताप नाही. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, नागपूरला इंजेक्शन देऊन सोनोग्राफी होते, हवी तर ती करा. ओळखीचा कंपाउंडर म्हणतो, नागपूर कशाला, इथंच कॉन्ट्रास्टचा सीटी काढा. सासूबाईंचं म्हणणं, “सुई टोचली का ते औषध लेकराले जाते, काहीच करू नका.” जाऊ सिकलसेलची वाहक आहे. त्या इंजेक्शनाने बाळाला काही होईल का? कुणाचं ऐकायचं?

उत्तर:

ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मागून. हेमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. त्रास नाही, ताप नाही, गाठ एकसारखी पांढरी आहे आणि लिव्हरचा जुना आजार नसेल, तर घाईने कुठलीही कॉन्ट्रास्ट तपासणी करण्यासारखं काही दिसत नाही. बहुधा बाळंतपणापर्यंत थांबता येईल. पण थांबता येतं म्हणजे ती तपासणी बाळाला घातक आहे, असं नव्हे. उद्या खरंच गरज पडली तर सासूबाईंच्या भीतीपायी ती नाकारू नका. कंपाउंडरचा सीटीचा सल्ला मात्र आजच बाजूला ठेवा.

कॉन्ट्रास्ट हा एकच शब्द तीन निरनिराळ्या औषधांना वापरतात, आणि घरातल्या भांडणाचं अर्धं कारण तेच आहे. सीटीचं औषध आयोडीनचं असतं, एमआरआयचं गॅडोलिनियमचं आणि सोनोग्राफीचं बुडबुड्यांचं. पहिली दोन औषधं रक्तात विरघळलेली असतात आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जातात. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं त्या दोन औषधांपुरतं बरोबर आहे. तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. आणि बाळाची जी नेहमीची सोनोग्राफी झाली, तिच्यात इंजेक्शनही नव्हतं आणि क्ष-किरणही नव्हते. पोटावर लावलेल्या जेलीखेरीज तिच्यात औषध म्हणून काही नसतं.

बुडबुड्यांच्या औषधाची सर्वाधिक माहिती असलेली कुपी सोनोव्ह्यू नावाने ओळखली जाते. तिच्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात, वरून फॉस्फोलिपिडचं म्हणजे स्निग्ध पदार्थाचं पातळ कवच. बुडबुड्याचा सरासरी व्यास २.५ मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्यामुळे तो फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांतून अडकल्याशिवाय पार होतो, पण रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर झिरपण्याइतका लहानही नसतो. आईच्या रक्तात तो राहतो तो रक्तवाहिनीतच. प्राण्यांवरच्या अभ्यासांत हे बुडबुडे वारेच्या आईकडच्या बाजूच्या रक्तात दिसले आणि तिथंच थांबले.

वायूचं प्रमाणही पाहा. तयार औषधाच्या १ मिलिलिटरमध्ये ८ मायक्रोलिटर वायू असतो आणि लिव्हरसाठी एका वेळी २.४ मिलिलिटर देतात. सगळा मिळून वायू भरतो सुमारे १९ मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहून कमी. हा वायू शरीरात कशाशीच संयोग पावत नाही. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त २ मिनिटांत आणि जवळजवळ सगळा १५ मिनिटांत आईच्या श्वासावाटे बाहेर जातो. मूत्रपिंडावर भार नाही, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासायला लावत नाहीत. कुणी लावलंच तर औषध नक्की कोणतं देणार, हे पुन्हा विचारा. कदाचित ते सीटीबद्दल बोलत असतील.

मग डॉक्टर बेधडक ‘करा’ का म्हणत नाहीत? कारण सोनोव्ह्यूच्या युरोपातल्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे की गरोदर स्त्रियांवरची माहिती उपलब्ध नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांत अपाय दिसला नाही, तरी खबरदारी म्हणून गरोदरपणात वापर टाळलेला बरा. गरोदर बायकांवर मोठ्या चाचण्या कुणी करत नाही, त्यामुळे आहेत ते छोट्या गटांचे अनुभव. त्यांत बाळाला इजा झाल्याचं नोंदलेलं नाही, पण थोड्या बायकांच्या अनुभवावरून ‘शंभर टक्के सुरक्षित’ असा शिक्का मारता येत नाही. म्हणून गरोदरपणात हे औषध वापरणं म्हणजे मंजूर यादीबाहेरचा वापर ठरतो. असा वापर करायचा तर डॉक्टरांनी तो समजावून सांगून लेखी संमती घेतली पाहिजे. ‘काही होत नाही, सही करा’ एवढ्यावर भागवणाऱ्या दवाखान्यात ही तपासणी नको.

खरा धोका आम्हाला विचाराल तर तो आईकडून येतो. हजारो रुग्णांत एखाद्याला या औषधाची तीव्र ॲलर्जी येते: अंगावर पित्त उठतं, दम लागतो, रक्तदाब एकदम खाली जातो. आईचा दाब पडला की वारेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि त्याचा फटका बाळाला बसतो. बुडबुडा बाळापर्यंत पोचतो का, यापेक्षा मोठा प्रश्न हा की प्रतिक्रिया आलीच तर तिथल्या लोकांच्या हाताशी अॅड्रिनलीन, ऑक्सिजन आणि भूलतज्ज्ञ आहेत का. अशा प्रतिक्रिया बहुतेक पहिल्या ३० मिनिटांत येतात, म्हणून सुई तेवढा वेळ शिरेत ठेवून रुग्णाला तिथंच बसवतात. तपासणी संपल्याबरोबर एसटी गाठायला पळू नका. या औषधात पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचा घटकही असतो. पोट साफ करायच्या काही पावडरींत तोच असतो. तशा पावडरीने जाऊबाईंना कधी पित्त उठलं असेल तर आधीच सांगा. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला आहे, त्यांनाही हे देणं टाळतात.

सिकलसेलचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं, कारण आपल्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय हे इंजेक्शन देऊच नये. या जातीच्या काही औषधांच्या माहितीपत्रकांत सिकलसेलच्या रुग्णांना इंजेक्शनानंतर तीव्र वेदनांचा झटका आल्याची नोंद आहे. ही नोंद रुग्णांबाबतची, म्हणजे एसएस प्रकारची आहे. वाहक म्हणजे एएस, ती वेगळी. पण जाऊबाई वाहक आहेत हे कशावरून ठरलं? गावपातळीवर बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तो कागद शोधा. सापडला नाही तर नागपूरला निघण्याआधी ती चाचणी करून घ्या. भाऊजींची चाचणी झाली नसेल तर तीही याच वेळी उरका: दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळ सिकलसेलचा रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ही गोष्ट लिव्हरच्या गाठीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची आहे.

आता समजा, तपासणी करायचीच ठरली, तर काय होतं ते माहीत असू द्या. साधं सोनोग्राफी मशीन इथं चालत नाही. बुडबुड्यांचा प्रतिध्वनी वेगळा काढून दाखवणारी सोय मशीनमध्ये असावी लागते. चार तास उपाशी राहणं पुरतं, पाणी चालतं. गरोदर बाईला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरड्या पोटी बसवू नका, विशेषतः मे महिन्यात. कोपराच्या खळगीतल्या शिरेत २० नंबरची सुई लावतात. पांढऱ्या पावडरीच्या कुपीत ५ मिलिलिटर सलाइन घालून २० सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं पांढरं द्रावण होतं. त्यातलं २.४ मिलिलिटर एका दमात देऊन मागून ५ ते १० मिलिलिटर सलाइन ढकलतात आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करतात.

पुढचं सगळं त्या घड्याळावर. पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात धमनीचं रक्त गाठीत कसं शिरतं, दोन मिनिटांपर्यंत काय बदलतं आणि त्यानंतर चार ते सहा मिनिटं काय उरतं, हे एकाच जागी प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा दांडा) धरून पाहायचं असतं. हेमॅन्जिओमा कडेकडेने गोळ्यागोळ्यांनी भरत जातो, हळूहळू मध्याकडे सरकतो आणि शेवटपर्यंत भरलेला राहतो. फोकल नोड्युलर हायपरप्लाझिया ही दुसरी निरुपद्रवी गाठ मधून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखी भरते. ज्या गाठीत औषध पटकन शिरून नंतर आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा लवकर ओसरतं, तिच्यावर कर्करोगाचा संशय घेतात.

चुका होतात त्या बहुधा साध्या. बारीक सुईतून जोर लावून औषध ढकललं तर बुडबुडे नळीतच फुटतात. कुपी नीट हलवली नाही तर द्रावण सारखं होत नाही. मशीनच्या आवाजलहरींची ताकद जास्त ठेवली तर पहिल्या काही सेकंदांतच बुडबुडे फुटतात आणि महत्त्वाचा काळ हातचा जातो. या ताकदीचा आकडा पडद्यावर एमआय म्हणून दिसतो. अशा तपासणीत तो ०.१ च्या आसपास, फार तर ०.२ पर्यंत ठेवतात. साध्या सोनोग्राफीत तो याच्या कितीतरी पट असतो, म्हणजे उलट इथं आवाज मंद असतो. मात्र बुडबुडे मुद्दाम फोडण्यासाठी एक जोराचा ठोका देण्याची सोय मशीनमध्ये असते. लिव्हरच्या गाठीसाठी त्याची सहसा गरज पडत नाही. वार किंवा बाळ प्रोबसमोर असताना तो द्यायचा नाही. बाविसाव्या आठवड्यात गर्भाशय बेंबीच्या आसपास पोचलेलं असतं आणि लिव्हर उजव्या बरगडीखाली, तेव्हा प्रोब बरगड्यांमधून धरला तर बाळ त्याच्या वाटेत येत नाही. विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ उताणं निजलं की मोठी शीर गर्भाशयाखाली दबते आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर वळवून तपासायला सांगा. लिव्हरचा उजवा भाग तसाही त्याच कुशीवर चांगला दिसतो.

सीटीला नाही म्हणायचं कारण निव्वळ आयोडीन नाही. पोटाच्या सीटीत बाळ थेट क्ष-किरणांच्या पट्ट्यात येतं. जीवावर बेतलं असेल, म्हणजे अपघात झाला, पोटात रक्तस्राव झाला, तर सीटी जरूर करतात आणि तेव्हा नको म्हणू नये: एका सीटीतली मात्रा सहसा बाळात व्यंग आणण्याइतकी नसते. पण ‘इथंच होतं म्हणून’ एका शांत गाठीसाठी सीटी काढणं हा आळस झाला.

एमआरआय मात्र कामाचा पर्याय आहे, औषध न देता केलेला. त्यात क्ष-किरण नसतात आणि हेमॅन्जिओमा काही चित्रांत पाण्यासारखा लखलखीत दिसतो, त्यामुळे बऱ्याचदा तेवढ्यावर शंका मिटते. जोडवी, मंगळसूत्र, केसांच्या पिना काढून जावं लागतं, आणि बोगद्यात अर्धा तास पडून राहताना घाबरायला होतं हे जाऊबाईंना आधीच सांगून ठेवा. गॅडोलिनियम मात्र नको म्हणा. ते बाळाकडे जातं आणि गर्भजलात रेंगाळतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १४ लाखांहून अधिक प्रसूतींच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गॅडोलिनियम दिलेल्या गटात बाळ पोटात किंवा जन्मानंतर लगेच दगावण्याचं प्रमाण जास्त आढळलं. औषधाविना एमआरआयमध्ये तसं दिसलं नाही.

आमच्या मते क्रम असा: आधी थांबून पाहणं, मग गरज पडली तर औषधाविना एमआरआय, त्यानेही उलगडा झाला नाही आणि निर्णय खोळंबला तर बुडबुड्यांची सोनोग्राफी. तिथंही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “या तपासणीत जे निघेल, त्यावरून बाळंतपणाआधी उपचार बदलणार का?” उत्तर ‘नाही’ आलं तर भाड्याचे पैसे वाचवा. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे.

कधी थांबू नये? हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, लिव्हर सुकलेलं असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल, गाठ एकसारखी पांढरी नसून मिश्र रंगाची असेल किंवा पुढच्या मोजमापात वाढली असेल तर. हिपॅटायटिस बीची चाचणी गरोदरपणात करतातच, माता-बाल संरक्षण कार्डावर तिची नोंद पाहा. बाईने पूर्वी वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगा, कारण त्या गोळ्यांशी निगडित अॅडेनोमा नावाची गाठ गरोदरपणात वाढू शकते आणि ५ सेंटीमीटरच्या वर गेली तर फुटून रक्तस्राव होण्याची भीती असते. ताप, थंडी आणि उजव्या बाजूचं दुखणं असेल तर पुवाचा, म्हणजे लिव्हर अॅब्सेसचा विचार आधी होतो. त्याला रक्ताची तपासणी आणि साधी सोनोग्राफी लागते.

कुणी हौसेने ‘कॅन्सरची रक्ततपासणी’ म्हणून अल्फा फीटोप्रोटीन करायला लावेल. ते करू नका. बाळ स्वतः ते तयार करतं, त्यामुळे गरोदर बाईत ते वाढलेलंच येतं आणि रिपोर्ट पाहून घरात रडारड होते. लिव्हरच्या रक्ततपासणीतलं अल्कलाइन फॉस्फेटेजही वारेमुळे वाढतं. हेमॅन्जिओमाची शंका असताना गाठीत सुई घालून तुकडा काढायलाही होकार देऊ नका. ती रक्तवाहिन्यांचीच गाठ असते. आणि पोट चोळून घेणं, काविळीच्या झाडपाल्याचा काढा, हे या काळात पूर्ण बंद.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या वाढीची सोनोग्राफी होईलच. त्याच वेळी जुना रिपोर्ट दाखवून गाठ तिन्ही बाजूंनी मोजायला सांगा, वेगळी खेप नको. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथं डॉक्टरांना कागद दाखवा. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीच्या तपासण्या आणि पुढच्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. बुडबुड्यांची कुपी मात्र बाहेरून आणायला लावतात का, हे जाण्याआधी फोन करून विचारा. सोनोग्राफी बाळाची नसून लिव्हरची असली तरी बाई गरोदर आहे, म्हणून १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखालचा एफ फॉर्म भरावाच लागतो. ओळखपत्र सोबत ठेवा आणि फॉर्म मागितला म्हणून वाद घालू नका.

एका गोष्टीत चूक करू नका. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर ‘गाठच दुखते’ असं घरात ठरवू नका. विसाव्या आठवड्यानंतर असं दुखणं, त्यासोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं आणि ते गाठीपेक्षा खूप घातक आहे. दाब १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. एकदम जोराची कळ, घाम, चक्कर, चेहरा पांढराफटक पडणं, असं झालं तर १०८ ला फोन करा. तळहात-तळपायांची रात्री वाढणारी खाज किंवा पिवळे डोळे, हेही दाखवण्यासारखं.

४ सेंटीमीटरच्या हेमॅन्जिओमासाठी सिझर करावं लागत नाही. बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं, फक्त गाठीची नोंद कार्डावर ठळक लिहून घ्या. पक्की तपासणी बाळंतपणानंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांत करा, तेव्हा काही अडचण उरत नाही. बुडबुड्यांचं औषध घेतलं तर युरोपातल्या माहितीपत्रकाप्रमाणे २ ते ३ तासांनी अंगावर पाजता येतं. जाण्याआधी बाळाला पाजून घ्या, की तेवढा वेळ सहज निघतो. तोपर्यंत एक लक्षात ठेवा: बाळंतपणानंतर आशाताई माला-एनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊन येतील, पण गाठ नेमकी कोणती हे कळेपर्यंत त्या सुरू करू नका, आणि लिव्हरचा प्रश्न असल्याने छाया ही दुसरी गर्भनिरोधक गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तांबी बसवून घ्या किंवा भाऊजींना निरोध वापरायला सांगा, आणि आशाताईंना कारण सांगून त्यांच्या वहीत तशी नोंद करवून घ्या.